अरुंधतीचा खरा फोटो

लग्नाचा सीझन संपत आला की माझे पाय सुजतात आणि जीभ कडू होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात मंगल कार्यालयात दिवसभर 'मावशी, मागं सरका', 'काका, मोबाईल खाली घ्या', 'नवरदेव, जरा हसा की' असं ओरडून घरी आलो की बायकोशी बोलायलासुद्धा नको वाटतं. शुक्रवार पेठेत माझा छोटा स्टुडिओ आहे. उभा जन्म दुसऱ्यांची लग्नं बघण्यात गेला.

त्यातला एक फोटो ठरलेला असतो. आमच्याकडं लग्न मराठी असो, कन्नड असो, तेलुगू असो, नवरा-नवरीला अरुंधती दाखवायची पद्धत आहे. अरुंधती म्हणजे वसिष्ठ ऋषींची बायको, सप्तर्षींत नवऱ्याला चिकटून असलेली बारीक चांदणी. संसार असा चिकटून करावा म्हणून ती बघायची. आता मुहूर्त असतो भर दुपारचा. बाहेर डांबर वितळतंय आणि आत गुरुजी म्हणतात, अरुंधती बघा. पंगत खोळंबलेली, त्यामुळं त्यांनाही घाई. मग मीच सांगतो, नवरदेव, बोट वर करा. वहिनी, बोटाकडं बघा. बोट असतं छताच्या पंख्याकडं. पुढं अल्बम करताना मी त्या पंख्याच्या जागी कॉम्प्युटरवर एक चांदणी चिकटवतो. सगळ्या जोडप्यांना तीच चांदणी. आजवर कुणी तक्रार केली नाही.

खरी अरुंधती मी कधी कॅमेऱ्यात धरली नव्हती. धरावी असं मनातही आलं नसतं, पण मागच्या वर्षी माझी शुगर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचली. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली आणि शेवटी सरळ सांगून टाकलं, आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. घरी मी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. धंद्यात तर तेवढंही बोललो नाही. ज्याला दिसत नाही त्या फोटोग्राफरला लग्नाला कोण बोलावणार? हल्लीचा कॅमेरा चेहरा आपला आपण शोधतो, माणसाचे डोळे पकडून फोकस करतो. मी नुसतं बटण दाबायचं. निभत होतं. पण आज उघडं पडेल, उद्या पडेल, या धास्तीनं जीव अर्धा झाला होता. कामानं माणूस एवढा थकत नाही.

म्हणून ठरवलं, एकदा डोंगरावर जाऊन अरुंधतीचा खरा फोटो काढायचा. हौस होतीच, पण खरं सांगायचं तर मला माझीच परीक्षा घ्यायची होती. ती चांदणी माझ्या हातानं, माझ्या डोळ्यानं फोकस झाली तर अजून एखादा सीझन रेटायचा. नाहीतर कॅमेरा खाली ठेवायचा. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

सोलापुरात आभाळ म्हणून काही उरलेलं नाही. एका अंगाला चिंचोळीच्या कारखान्यांचा उजेड, बाकी सगळीकडं धूळ. तुळजापूरच्या अलीकडं बालाघाटचे डोंगर लागतात, तिथं जायचं ठरलं. मी एकटाच निघणार होतो. पण बायको म्हणाली, मी येणार आणि स्कूटीपण मीच चालवणार. बायको अक्कलकोटकडची, निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलते आणि एकदा ठरवलं की दोन्ही भाषांत ऐकत नाही. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. कॅमेऱ्याची बॅग पोटाशी धरून मागं बसलो. हायवेला ट्रक अंगावर आल्यागत जात होते, आणि मला एकच वाटत होतं, कुठंतरी आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

डोंगर म्हणजे आमच्याकडचे डोंगर, वाळलेलं गवत आणि खडक. झाड औषधाला नाही. सूर्य बुडाला तरी खडक दिवसाचं ऊन धरून होता, बसलं की चटका बसायचा. आम्ही भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, तोवर पुरता अंधार झाला. वर बघून बायको म्हणाली, लई दिवसांनी बघितलं की असलं आभाळ. मी हो म्हणालो. मला वर राख फासल्यासारखं दिसत होतं, मधे मधे काही उजळ ठिपके.

ट्रायपॉड लावला, मोठी लेन्स चढवली, उत्तरेला सप्तर्षीच्या शेपटीवर धरली. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, एवढं पाठ होतं. कॅमेऱ्यानं आपलं आपण फोकस करायला घेतलं, लेन्स गुरगुरत पुढं गेली, मागं आली आणि दमून थांबली. चांदणीला कुठलं नाक आणि कुठले डोळे! मग हातानं रिंग फिरवायला घेतली. स्क्रीनवर चित्र मोठं करून बघितलं. सरळ बघितलं की तारा गायब. नजर जरा बाजूला नेली की यायचा, तोही पिठाच्या गोळ्यासारखा. रिंग इकडं फिरवली, तिकडं फिरवली, फोटो काढले, पुसले. घाम फुटला. वाऱ्यावर चिडलो, ट्रायपॉडला शिव्या घातल्या, बॅटरीचा उजेड डोळ्यावर मारते म्हणून बायकोवर खेकसलो. तिनं बॅटरी बंद केली.

थोड्या वेळानं ती अंधारातून म्हणाली, "दोन हायत की. ती बगा, धाकली कशी चिकटून बसलीया." नुसत्या डोळ्यानं बघत होती ती. मी वर बघितलं. व्हय व्हय म्हणालो आणि परत रिंगेला लागलो.

मग ती उठून माझ्याशेजारी आली आणि स्क्रीनवर वाकली. इतक्या वर्षांत तिनं माझ्या कॅमेऱ्याला बोट लावलं नव्हतं, मीच लावू देत नसे. तिनं काही न विचारता रिंगेवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि सावकाश फिरवत सांगू लागली. मोठी झाली. अजून मोठी झाली, उलटं फिरवा. आता बारीक व्हायलीय. अजून थोडं. मग म्हणाली, "साकु." पुरे, म्हणजे. मी बटण दाबलं.

फोटो स्क्रीनवर आला. ती म्हणाली, दोघं वेगळे वेगळे दिसतायत, मधे फट हाय बघा. आवाजात लहान पोरीसारखा आनंद होता. मी म्हणालो, झकास आलाय. परीक्षेचा निकाल लागला होता आणि मला आश्चर्य याचं वाटलं, की दुःखाच्या आधी हायसंच वाटलं. आता रोज उठून घाबरायचं काही राहिलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, "तुमाला दिसली का?"

व्हय म्हणायला तोंड उघडलंच होतं. वर्षभर तेच म्हणत आलो होतो. पण त्या क्षणी खोटं बोलण्याएवढीही ताकद अंगात उरली नव्हती.

"न्हाय," मी म्हणालो. "मला एकच दिसतीय. तीपण सरळ बघितलं की जाती."

वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिनं बॅटरी लावली, भाकरीचं फडकं झटकलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "वर्स झालं, बोलताना तुमी माझ्या कानाकडं बगता."

मला आजवर वाटत होतं, मी तिच्या तोंडाकडंच बघतोय. आता मुद्दाम सरळ तिच्याकडं बघितलं. बॅटरीच्या उजेडात तिचे खांदे होते, पदर होता, तोंडाच्या जागी नुसता करडा डाग. नजर हळूच तिच्या कानाकडं नेली, तेव्हा कळलं की ती रडत होती.