खांद्यावरच्या हाताला टेक्निकल फाउल

आधी माफी मागतो. अर्जापलीकडे आमच्या घरात कोणी काही लिहिलेलं नाही, आणि मी थेट आठवणी लिहायला बसलोय, त्याही स्वतःच्या मूर्खपणाच्या. पण ज्यांनी तो पाहिला ते सगळे हसून मोकळे झाले. मला काही तसं जमलं नाही.

वडील तारापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहेत. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे छापील पुस्तकावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. देवाशी निदान भांडता येतं. बास्केटबॉलच्या पंचांची परीक्षा आली तेव्हा मी नियमांचं पुस्तक स्वल्पविरामांसकट पाठ केलं आणि पास झालो.

माझा दुसराच सामना म्हणजे बोईसरला जिल्हा संघाची निवड चाचणी. शिरगावचा एक उंच खेळाडू होता, नारळाच्या वाडीतला. सामन्याआधी चहा पिताना त्यानं मला सांगितलं, "वयोगटातलं शेवटचं वरीस हाय. यंदा नाय तर कदीच नाय." हे सांगताना त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. त्याच्या गावात बोलायची तीच रीत. हात न ठेवता बोलला तर माणूस भांडायला आलाय असं समजतात.

सामना सुरू झाला. त्याचा पाय रेषेबाहेर पडला म्हणून मी चेंडू समोरच्या संघाला दिला. तो शांतपणे जवळ आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ओ दादा, पाय आत व्हता ना माजा?"

पंचाला स्पर्श! मी शिट्टी फुंकली आणि दोन्ही हातांचा टी करून दाखवला. टेक्निकल फाउल.

तो घाबरला. मला राग आलाय असं वाटून समजूत काढायला पुन्हा जवळ आला, आणि समजूत काढायची म्हणून दुसऱ्या खांद्यावरही हात ठेवला. "रागावला काय दादा? मी फकस्त इचारलं."

दुसरी शिट्टी. दोन टेक्निकल म्हणजे सामन्यातून बाहेर. निवड समितीचे साहेब नुकते कुठे वही उघडून बसले होते.

कठड्यावर बसलेले कारखान्यातले कामगार ओरडले, "अरे रेफरी, छुआ ही तो है, करंट थोड़े ही मारा!"

माझ्यासोबतचे दुसरे पंच जवळच्या पाम गावचे. वयानं वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. मध्यंतरात त्यांनी बाजूला घेतलं.

"पुस्तकात काय लिवलंय?"

"पंचाला अनादरानं स्पर्श केला तर..."

"अनादरानं! तो मोजायला पट्टी नाय मिळत रे. त्यासाटी तर तुला उभा केलाय. नायतर कठड्यावर कॅमेरा बांदला असता, त्याला चहा तरी लागत नाय."

मान खाली घालून मी उरलेला सामना संपवला. तो खेळाडू मैदानाबाहेर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी निवड समितीला अर्ज लिहिला. दोन्ही फाउल माझ्या चुकीनं दिले, खेळाडूनं कोणताही अनादर केला नाही, त्याची पुन्हा चाचणी घ्यावी. तीनदा खाडाखोड करून खाली सही केली. उत्तराचं काही कळलं का, म्हणून मग रोज काकांना फोन. ते म्हणायचे, "अजून काय नाय."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एकच ओळ होती. सामन्यातील पंचाचा निर्णय अंतिम असल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही.