सात नंबरचा शिक्का

कुसुमवन्संचा जीव गेला तेव्हा त्यांची दोन बोटं माझ्या ब्लाउजच्या काखेतल्या शिवणीत अडकलेली होती. दिसेल ती शिवण ओढून पाहायची त्यांची सवय. नर्सने बोटं सोडवली. मी रडले नाही.

ही माझी नणंद जबलपूरला बड्या फुहाऱ्याच्या बाजारामागे एका ठेकेदाराच्या शेडमध्ये फौजेचे कोट तपासायची. शिवण ओढायची, टिकली तर आत स्वतःचा सात नंबरचा शिक्का मारायचा. लढाई लागली तसे दारात ट्रक उभे राहू लागले. ठेकेदार म्हणाला, "दीदी, खींचो मत. देख के पास करो." वन्संनी ऐकलं. घरात सांगितलं नाही. त्यांचा भाऊ, म्हणजे आमचे हे, तेव्हा सरहद्दीवर होते. भाऊ जिवंत परतला तर त्याला घेऊन नेपाळातला मुक्तिनाथचा डोंगर पायी चढेन, असा नवस त्यांनीच केला होता.

हे परतले. पुढच्या वर्षी आम्ही तिघं काठमांडूला पोचलो. डोंगराचं सामान तिथल्या बाजारात घ्यायचं होतं. गर्दी अशी, की त्यापुढे फुहाऱ्यावरची दिवाळी बरी. बूट घेतले, काठ्या घेतल्या. एका दुकानात जुन्या फौजी कोटांचा ढीग होता. ह्यांनी एक अंगात घालून हात वर केला, तर काख टरकन उसवली. हे हसायला लागले.

"ताई, पाहून राहिली ना? तिकडे माझाही असाच उसवला होता. बर्फात सुतळीनं बांधून उभा होतो."

वन्संनी कोट उलटा केला. आत सात नंबर. त्या दुकानाच्या पायरीवरच बसल्या. रिक्षावाले घंट्या वाजवत होते, लोक अंगावरून जात होते.

"काहून बसली?"

"मी ओढून पाहिलं नव्हतं रे..."

ह्यांना कळायला वेळ लागला. मग म्हणाले, "चलो, उठ. मी आलो ना परत?"

"तू आलास. बाकीचे?"

ह्यांनी त्यांच्या हातून कोट घेतला आणि उसवलेली काख बोटांनी जुळवून पाहिली.

वन्संनी तसलेच तीन कोट घेतले. धर्मशाळेत दोन दिवस बसून सगळे उसवले आणि दुहेरी शिवले. धर्मशाळेतली, सोबत चढायचं ठरलेली मंडळी पुढे निघून गेली. "जाऊ दे," म्हणाल्या. वर बर्फाच्या वादळानं आम्हाला गाठलं. एका खडकाच्या आडोशाला तिघं चिकटून बसलो. शिवणी टिकल्या. त्यानं वन्संचं समाधान झालं असं मी लिहिणार नाही, झालं नाही. शेडमध्ये त्या पुन्हा गेल्या नाहीत. पण पुढे जन्मभर पाहुण्यांच्या, शेजारणींच्या बाह्या ओढत राहिल्या. लोक हसायचे.

त्यांचा कोट माझ्या ट्रंकेत आहे. परवा ऊन दाखवायला काढला, तर मी आधी काख ओढून पाहिली.

डोंगरावरून आम्ही तिघंही परत आलो होतो. मग हे गेले, आता वन्सं. मी आहे.