भिंतीवरचे वडील

स्टुटगार्टमधला माझा न्हावी गळ्याशी वस्तरा आणूनच गप्पा रंगवायचा. मला, साध्या विद्यार्थ्याला, ‘हेर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायचा. भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता. मिशा अशा, की कैसरनेही सलाम ठोकावा.

‘जुन्या बाजारातून आणलाय,’ एकदा दुकानात कोणी नसताना तो कुजबुजला. ‘आईचं लग्नच झालं नव्हतं. कळलं तर गिऱ्हाईक तुटेल.’

निवडणुकीच्या सभेत एका पुढाऱ्याने विचारलं, ‘देवाला मानणाऱ्यांनी बिनबापाच्या उमेदवाराला मत द्यायचं?’ दुसऱ्या दिवशी दुकानात तोच विषय.

‘तुम्ही काय म्हणता, मास्टर?’ बाकावरच्या गिऱ्हाईकाने विचारलं.

‘छे! माझे वडील असल्यांना दारात उभं करत नसत.’ माझ्या गळ्यावरचा वस्तरा थांबला. आरशातून त्याचे डोळे माझ्यावर खिळले. ‘होय ना, हेर डॉक्टर?’

‘गेनाऊ! अगदी बरोबर!’ मी म्हणालो, मान न हलवता.