मंगळाची सुधारित आवृत्ती

घरात भविष्याची एवढी पुस्तकं असून उद्या काय होणार याची जिला काडीचीही उत्सुकता नाही, अशी बाई अख्ख्या भोपाळात एकच आहे आणि ती माझी थोरली नणंद आहे. अवधपुरीतल्या आमच्या घरात वरची खोली वन्संची. त्या खोलीत शिरलं की आधी पुस्तकं दिसतात, मग पलंग दिसतो, आणि पलंगावरची पुस्तकं सरकवून जागा केलेली असेल तर वन्सं दिसतात. गल्लीतल्या बायका अजूनही मोठ्या आशेनं त्यांच्यापुढे तळहात धरतात. वन्सं तो हात उजेडात नेऊन नीट निरखतात आणि म्हणतात, "भेगा पडल्यात, रात्री तूप चोळत जा." याहून अधिक भविष्य त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

याचं कारण, वन्सं पुस्तक सगळं वाचतच नाहीत. त्या वाचतात फक्त मंगळाचं प्रकरण. त्यांच्या स्वतःच्या पत्रिकेत मंगळ सातव्या घरात आहे, आणि असली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते असं त्या काळच्या पुस्तकांत छापलेलं होतं, म्हणून त्यांचं लग्न झालं नाही. हे काही गुपित नाही. गुडघेदुखीबद्दल सांगावं तसं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तेव्हा त्या टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये सासऱ्यांबरोबर राहायच्या आणि एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. पगार हातात यायला लागल्यापासून त्यांची पद्धत ठरून गेली. दुकानात जायचं, भविष्याचं नवं पुस्तक मागायचं, उभ्याउभ्याच अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत मंगळ गाठायचा, आणि आधीच्या पुस्तकांत नसलेला एखादा अपवाद, म्हणजे मंगळ असूनही मुलगी निर्दोष सुटण्याची एखादी नवी वाट, सापडली तरच पैसे द्यायचे. न्यू मार्केटातला दुकानदार त्यांना लांबून पाहूनच नोकराला सांगायचा, "बहनजी आ गईं, मंगलवाला पन्ना निकाल के रख."

मी लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हा मला या सगळ्याचं फार हसू यायचं, कारण माझे छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळलेले होते. बोर्डात पहिली आल्याच्या तोऱ्यात मी माप ओलांडलं. उरलेले चार गुण कोणते ते पुढे कळलं. संसारात रोज लागतात ते. शिवाय वन्सं पुस्तकं विकत घेत आणि त्यातल्या अक्षरावर विश्वास ठेवत नसत. मी एकही पुस्तक विकत घेत नसे आणि त्यांत लिहिलेलं सगळं करत असे. मध्यंतरी राशींची पातळ पुस्तकं निघाली होती, स्टेशनवर मिळणारी, बारा राशींची बारा. माझ्या राशीला पिवळा रंग लाभेल असं त्यात होतं. मी तो सबंध उन्हाळा पिवळ्या साड्यांत काढला. तेव्हा आम्ही बरखेड्यातल्या क्वार्टरमध्ये राहायचो; शेवटी तिथल्या शेजारणीनं काळजीनं यांना विचारलं, "भाईसाहब, भाभीजी को पीलिया तो नहीं हुआ?" पुढे चिनी वास्तूच्या पुस्तकांची लाट आली, तेव्हा तोंडात नाणं धरलेला एक बेडूक आणून मी दाराशी बसवला. वन्सं चष्मा पुसत म्हणाल्या, "कुसुम, त्याचं तोंड बाहेर आहे. हा घरातलं बाहेर नेतोय." मी घाईनं बेडूक आत वळवला आणि त्याच आठवड्यात फ्रिज बिघडला. वन्सं म्हणाल्या, "आता नेमकं काय आत आलं?"

त्यांच्या खोलीत पुस्तकं निघाल्याच्या क्रमानं लावलेली आहेत. दारापासून खिडकीपर्यंत चालत गेलं की छपाईचा सगळा धंदा डोळ्यांखालून जातो. दाराशी कापडी बांधणीची, खिळे जुळवून छापलेली जुनी पुस्तकं. वर नुसतं नाव, चित्र नाही, आणि आत वाचकाला दम. मग मुखपृष्ठावर दाढीवाले ऋषी येतात. ऋषी जाऊन राशिचक्र येतं, तेही रंग एकमेकांवर नीट न बसलेलं, त्यामुळे मिथुन राशीत दोघांच्या जागी तिघं दिसतात. मग लेखक स्वतःच मुखपृष्ठावर बसतो, प्रत्येक बोटात अंगठी घालून. साधारण इथपासून मराठी पुस्तकं विरळ होत जातात. ती नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातून यायची; पाहुणेही कमी झाले आणि सामानही. त्यांच्या जागी हिंदी पुस्तकं दाटीवाटीनं उभी आहेत, महिन्याभरात ज्योतिषी करून सोडणारी, करोडपती करून सोडणारी. खिडकीशी पोचेपर्यंत लेखकही उरत नाही. लॅपटॉपकडे बघून हसणारं एक जोडपं असतं आणि कोपऱ्यात मोबाइल धरायचा काळा चौकोन.

पण वन्संचा खरा जीव एकाच पुस्तकावर. पुण्याकडच्या कुणा शास्त्रीबुवांनी ते लिहिलं, त्यांच्यामागे मुलानं आणि मग नातवानं चालवलं. वन्संकडे त्याच्या सगळ्या आवृत्त्या आहेत; पहिल्या दोन सासऱ्यांच्या कपाटातल्या, बाकीच्या स्वतः घेतलेल्या. पहिल्या आवृत्तीत मंगळाला एकही अपवाद नाही. दुसरी जशीच्या तशी, फक्त किंमत वाढलेली. तिसरी मुलाच्या हातची, 'सुधारित'. या मुलाला तीन मुली होत्या, हे प्रस्तावनेतल्या आभारांवरून कळतं, आणि त्याच आवृत्तीत पहिला अपवाद अवतरतो. चौथी 'सुधारित व वाढवलेली', तीत अपवादांना स्वतंत्र प्रकरण आहे. नातवाच्या हाती धंदा आल्यावर तर नियम एका परिच्छेदात उरकला जातो आणि बाकी सगळे अपवादच. मंगळ म्हणजे एनर्जी, लीडरशिप, शिवाय परदेशी नोकरीचा योग. "कागद वाईट होत गेला तसा मंगळ सुधारत गेला," असं वन्सं म्हणतात. "आता मुलीच पुस्तकं विकत घेतात ना. गिऱ्हाइकाला कोण नावं ठेवील?"

गेल्या थंडीत आमच्या नातीचं, रेवाचं, सौरभशी जमलं. मुलगा बरखेड्यातला, तिथल्याच कारखान्यात इंजिनियर, शांत, मराठी माणसाला शोभेल इतपत हिंदी बोलणारा. त्याच्या आईवडिलांना रेवा पसंत होती. अडलं ते त्याच्या आजींपाशी. त्यांनी पत्रिका मागून घेतली आणि निरोप पाठवला, मुलगी गोड आहे, पण सातव्या घरात मंगळ आहे, नको. रेवा माझ्या खोलीत येऊन बसली. "आजी, सौरभ रोज भांडतोय त्यांच्याशी. पण त्या नाराज असताना मला त्या घरात नाही जायचं. मैं क्या करूँ, बता ना." बत्तीस गुणांची बाई अशा वेळी काय कामाची. वन्सं जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी वरूनच सांगितलं, "कुसुम, साडी बदल. रेवा, ऑटो बोलव."

सौरभच्या घरी वन्संनी शास्त्रीबुवांच्या सगळ्या आवृत्त्या टीपॉयवर ओळीनं मांडल्या आणि मंगळ कसकसा निवळत गेला ते पानं उघडून दाखवलं. सौरभच्या आजी ताठ बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, हे अपवाद सगळे मागून घुसडलेत. पुस्तक खपावं म्हणून."

"अगदी बरोबर," वन्सं म्हणाल्या.

मी त्यांना चिमटा काढला. आम्ही मुलीकडचे होतो. वन्संनी माझा हात बाजूला केला, पहिली आवृत्ती उचलली आणि पालथी करून आजींपुढे धरली. "हीसुद्धा खपावी म्हणूनच काढली होती. मागे वाचा. किंमत दीड रुपया, टपालखर्च वेगळा."

आजींनी चष्मा लावून किंमत वाचली. मग चष्मा काढला. "बरं, एवढं सगळं तुम्हाला ठाऊक होतं, तर तुमचं का नाही झालं?"

सौरभची आई ट्रे घेऊन दारातच थांबली. मी खाली सतरंजीकडे बघायला लागले.

"माझ्या वेळी दुसरीच आवृत्ती चालू होती," वन्सं म्हणाल्या. भाजीचा भाव सांगावा अशा आवाजात.

सौरभच्या आजींनी समोरची दुसरी आवृत्ती ओढून घेतली, तिचं पान उघडलं आणि वाचलं. दोनतीन ओळींचाच तर मजकूर होता, पण त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि सुनेला म्हणाल्या, "चहा गार झाला असेल, दुसरा टाक." दुसरा चहा अर्धा झाल्यावर, कपातच बघत, त्यांनी आम्हाला विचारलं, "साखरपुडा तुमच्याकडे करायचा की आमच्याकडे?"

परत येताना ऑटोत आम्ही दोघी पुस्तकं मांडीवर घेऊन बसलो होतो. रेवाला फोन करून झाला होता, ती रडून, हसून, पुन्हा रडून झाली होती. मला राहवेना. म्हटलं, "वन्सं, तुम्हाला लागू होणारा अपवाद कितव्या आवृत्तीत आला हो?"

"चौथ्या. सातव्या मंगळावर गुरूची दृष्टी असल्यास दोष मानू नये."

"तुमच्या पत्रिकेत आहे?"

"आहे ना. जन्मापासून आहे."

"आणि चौथी आली तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

"चाळिशी उलटली होती. दुकानातच वाचलं, उभ्यानं. मग पुन्हा एकदा वाचलं."

"मग?"

वन्सं बाहेर बघत होत्या. बाहेर कारखान्याची भिंत चालली होती, लांबच लांब, संपता न संपणारी.

"मग काय, कुसुम. जेवणाची सुट्टी संपत आली होती."