दादाचं नाक

चौदा डिसेंबर. दादाची खोली रिकामी करायला घेतली. सोमवारी रंगारी येणार, त्याआधी भिंती मोकळ्या हव्यात. दादाला जाऊन सहा आठवडे झाले. मी नर्स, त्यामुळे नाडी मीच पाहिली, वेळही मीच सांगितली. तेव्हा रडू आलं नाही, नंतरही नाही... कामं होत राहतात.

कपाटात स्वेटरांच्या मागे बाटली सापडली. सील तसंच होतं.

माझा हा थोरला भाऊ साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत होता. नोकरीभर त्यानं दारूचा वास घेतला, घोट तोंडात फिरवला आणि थुंकला. गिळला कधीच नाही. आमच्या घरी पंचशील नुसतं वंदनेपुरतं नव्हतं. गावी, शिरड शहापूरला गेलं की मंडळी छेडायची, "साहेबाचं बराय, पगार घेऊन पिऊन राहिले!" दादा शांतपणे म्हणायचा, "पीत न्हाई बाप्पा, तपासतो." नाक मात्र विलक्षण. अंगणातून ओरडायचा, "सुमे, भाकर करपून राहिली," आणि मी तव्यापाशीच उभी असायचे.

वहिनी गेल्यावर तो हिंगोलीला माझ्याकडे राहायला आला. तीन वर्षांपूर्वी त्याला ताप आला, उतरला. त्यानंतर एका दुपारी तो जेवत होता आणि मला दारातूनच आंबूस वास आला. "दादा, वरण विटलंय की!" त्यानं अर्धं ताट संपवलं होतं. हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोणाला सांगू नको."

यंदा उन्हाळ्यात प्रकाश आला. दादाच्या हाताखाली शिकलेला. आता मुंबईत विलायती मद्य मागवणाऱ्या कंपनीत आहे. त्यानं ही बाटली आणली. सिंगल ग्रेन स्कॉच, म्हणजे गव्हा-मक्याची, एकाच डिस्टिलरीत गाळलेली, तीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. ते पिंप प्रकाशनं तिकडे जाऊन स्वतः निवडलं होतं, आयुष्यात पहिल्यांदाच. "घाई न्हाई, साहेब. पण बराबर निवडलं का चुकलो, ते तुमीच सांगा." दादा "बघतो" म्हणाला. पुढे दर रविवारी प्रकाशचा फोन यायचा आणि दादा सर्दीचं कारण सांगायचा.

एकदा त्यानं बाटली माझ्यासमोर ठेवली. "सुमे, तू फकस्त वास घे. मी इचारतो तसं सांगत जा, मला कळंल."

"माझ्या घरात दारूचं बूच निघणार न्हाई."

"अगं, पोरगं वाट पाहून राहिलं."

"मंग खरं सांगून टाक त्याला. काहून लपवतोस?"

तो बाटली घेऊन खोलीत गेला. पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, संपलं... अंत्यविधीला प्रकाश आला होता. बाटलीबद्दल त्यानं विचारलं नाही, मीही बोलले नाही.

बाटली सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी सील तोडलं. तपासताना तोंड कोरं हवं, असं दादा म्हणायचा. ग्लासात दोन चमचे, त्यात थोडं पाणी, वर बशी, पाच मिनिटं. आधी नुसतं स्पिरिट आलं, इंजेक्शनच्या कापसासारखं. पुन्हा वास घेतला. तिसऱ्यांदा घेतला. घोट तोंडात फिरवला, मोरीत थुंकला. जे आलं ते कागदावर लिहिलं आणि प्रकाशला फोन लावला.

"साहेबांना तीन वर्षं वास येत नव्हता," मी सांगितलं. "मला घ्यायला सांगितला होता. मी न्हाई म्हणाले. आज घेतला."

प्रकाशनं विचारलं, "काय लागलं, ताई?"

"सुकं खोबरं. मग पिकलेलं केळ, गुळाचा पाक. शेवटी सुताराकडचा भुसा."

"घशात जळजळ?"

"गिळली न्हाई मी."

तो हसला, हसता हसता थांबला. "मंग... बराबर निवडलं ना, ताई?"

मी कागदाकडे पाहिलं. "ते दादालाच कळलं असतं," म्हणाले.

फोन ठेवला, ग्लास विसळला, डबा भरला आणि ड्युटीवर गेले.