कोमट पाण्याबरोबर पुरी

"पुरी बंद करा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

द्वारकाबाई टेबलावर उताणी झोपली होती. ती कोपरावर उठली. "पुरी बंद? मंग मी उबी कशी रानार?"

"एका पुरीवर कोणी उभं राहत नाही हो."

"एक नाय, दोन. सकाली एक, संद्याकाली एक."

"दोन्ही बंद. तळलेलं सगळं बंद. चेहरा बघा किती सुजलाय. वजन वाढत चाललंय. त्या खुब्यावर अजून किती भार टाकणार?"

द्वारकाबाई माझ्याकडे वळली. "तू तरी सांग गो हिला."

मी म्हटलं, "मॅडम बरोबर बोलतायत. जरा जिभेवर ताबा ठेव."

ती परत आडवी झाली. आम्हा दोघींना वाटलं, पटलं.

मी जुईनगरच्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मावशी आहे. फिजिओथेरपी म्हणजे शेक, व्यायाम आणि मशीन लावून दुखणं कमी करायची विद्या. ती विद्या मॅडमची. पेशंटला टेबलावर घेणं, गरम पॅक ठेवणं, पट्टे बांधणं, पडदा ओढणं आणि पेशंटची बडबड ऐकणं हे माझं काम. शाळा चौथीपर्यंत झाली. पण क्लिनिक उघडलं त्या दिवसापासून मी इथे आहे, आणि माझं काम मला येतं. यात लाजायचं काही नाही.

द्वारकाबाई इथल्याच एका गावठाणातली. आगरी. त्यांची शेती आणि मिठागर शहराच्या पोटात गेलं. आता त्याच गावात तिची स्वतःची इमारत आहे, भाडेकरू आहेत. पण ही भाड्यावर बसून खाणारी बाई नाही. हळदी-लग्नाच्या तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. हाताखाली बायका ठेवल्यात. भाकरी फाटली तर थापणारीचा उद्धार होतो. पाहुणे ताटावर बसले की पहिली भाकरी कोणाच्या हातची आहे, हे लोक चवीवरून ओळखतात म्हणे. म्हणे कशाला, मी खाल्ली आहे. ओळखू येते.

ती पहिल्यांदा आली तेव्हा हातात तिच्या नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. कंबरदुखी, शेक द्यावा. बरोबर मुलगा नीलेश. तो म्हणाला, "मावशी, आईला पाटावर बसता येत नाय. ऑर्डर सोड बोललो तर अंगावर येते."

"सोरू कशी? तुजा बाप गेला तवा याच भाकऱ्यांनी तुना मोटा केला," द्वारकाबाई म्हणाली.

आता कंबर या शब्दाचं सांगते. आपल्याकडे बाई 'कंबर' म्हणाली की नेमकं कुठे, ते तिलाच माहीत. बरगडीच्या खालपासून मांडीपर्यंत सगळी कंबरच. मणक्याचा खालचा भाग कंबर. कुल्ला म्हणायला लाज वाटते, म्हणून तोही कंबर. जांघेचं तर नावच नको. मुलगा समोर उभा असताना तर नकोच नको. म्हणून आमच्या मॅडमनी एक पद्धत ठेवली आहे. बाई पेशंट आली की नातेवाईक बाहेर, पडदा बंद, आणि आधी मी आत.

मी म्हटलं, "द्वारकाबाई, इथे आता कोणी नाही. तोंडाने सांगू नकोस. दुखतं तिथे बोट ठेव."

तिने इकडेतिकडे बघितलं आणि बोट ठेवलं. पाठीवर नाही. पुढून, उजव्या जांघेत.

"नखं कापताना पाय वर घेता येतो?"

"नाय. सूनच कापते."

मी बाहेर येऊन मॅडमना सांगितलं. त्यांनाही ती खुर्चीत एका कुल्ल्यावर कलून बसलेली बघून शंका आलीच होती. त्यांनी तिला झोपवलं, गुडघा वाकवला आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला फिरवलं. द्वारकाबाईने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

"कंबर नाही. खुबा आहे," मॅडम म्हणाल्या.

खुबा म्हणजे मांडीचं हाड जिथे कमरेच्या हाडाला अडकतं तो सांधा. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो. तो वाटीत बसतो आणि वाटीत फिरतो. म्हणून आपण मांडी घालतो, उकिडवे बसतो, जिना चढतो. दुखणं गोळ्याचं असलं तरी कळ जांघेत येते. कधी मांडीत, तर कधी पार गुडघ्यात. उलट मणक्याचं दुखणं असलं तर कळ बहुतेक मागून, कुल्ल्यात येते. माणूस दुखेल तिथे शेकत बसतो आणि बिघाड भलतीकडेच असतो.

मॅडमनी तिला वाशीच्या एका हाडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे एमआरआय झाला. उजव्या गोळ्याचा रक्तपुरवठा आटत चालला होता. रक्त मिळालं नाही की हाड आतून मरतं, पोकळ होतं, आणि एक दिवस माणसाच्या वजनाने गोळा चेपतो. एकदा चेपला की सांधा बदलण्यावाचून फारसा इलाज राहत नाही. द्वारकाबाईचा अजून चेपलेला नव्हता. हातात वेळ होता, पण किती ते कोणी सांगू शकत नव्हतं.

आणि डावीकडेही थोडी सुरुवात दिसत होती.

हाडाच्या डॉक्टरांनी मॅडमना फोनवर स्पष्ट सांगितलं. उजव्या बाजूचं काय ते आपण करू. पण हे का होतंय ते शोधा. कारण चालू राहिलं तर डावा खुबाही जाईल, आणि मग ही बाई दोन्ही बाजूंनी बसली म्हणून समजा.

खुब्याचं रक्त आटायची ठरावीक कारणं असतात. मॅडमनी एकेक विचारलं. मी बाजूलाच पॅक गुंडाळत होते.

"कधी पडला होतात का? जोरात, कुल्ल्यावर?"

"नाय गो. मी कंदी परले नाय."

"दारू?"

"मना काय समजलंस?"

"हळदीला पण नाही?" मी विचारलं.

"हलदीला भाकऱ्या कोन करल, तू?"

मॅडम हसल्या. "बरं, औषधं कुठली चालू आहेत? दम्याचं, अंगावरच्या खाजेचं, सांध्याचं?"

"औषद कसला? गोली गिलायची म्हनली की मना उलटी येते."

रक्ताचे काही आजार असतात, त्यांच्या तपासण्या वाशीला करून घेतल्या. त्यातही काही नव्हतं. कारण सापडेना. तोवर काठी घेऊन चालायचं, खाली बसायचं नाही, हलके व्यायाम, आणि वजन उतरवायचं. म्हणून मॅडम खाण्यावर आल्या आणि तिथे ती पुरी निघाली.

पुरी बंद करायला सांगितली त्यानंतर द्वारकाबाई दोन वेळा आलीच नाही. मग नीलेशचा फोन आला. "मावशी, आईचं पूर्ण अंग दुखतंय बोलते. उठायला तयार नाय. शेक देऊन बघू या का?"

घेऊन आला. गाडीतून उतरवतानाच मला ते लक्षण बरं दिसलं नाही. दांडगी बाई, मान टाकून आली. दारातच ओकली. मॅडमनी बीपी बघितलं, फार खाली होतं. त्या नीलेशला म्हणाल्या, "शेक वगैरे काही नाही, लगेच हॉस्पिटल. गाडी दारापाशी घ्या." आणि फोन लावायला आत गेल्या. मी तिला धरून बसले.

"काय खाल्लंस बाई?"

"काय नाय. तुमीच पुरी बंद केली माजी."

"पुरी सोडली म्हणून कोणी मरत नाही."

"मी मरतंय ना! बंद केल्यापासून आंग पुरा मोरलंय."

ती आजारी होती, पण माझंही डोकं तापलं होतं. मी म्हटलं, "मग दोन बिस्किटं बुडवून खायची चहात. पुरीच हवी का चहाला?"

"चाय कुटं आली त्यात? पुरी कोमट पान्याशी घ्याची. चाटून."

पुरी, कोमट पाण्याशी, चाटून?

मग एकदम उजेड पडला. अंग मोडलंय, ते ही 'मोरलंय' म्हणाली. कधी पडले नाही, ते 'परले नाय' म्हणाली. ऑर्डर सोडू कशी, ते 'सोरू कशी'. इथल्या आगरी बोलण्यात ड चा र होतो. मी मूळची साताऱ्याकडची, पण या गावाच्या शेजारी माझं निम्मं आयुष्य गेलं. बाजारातली बाई 'घोरा' म्हणाली की मला घोडाच दिसतो, विचार करावा लागत नाही. पण पुरी हा शब्द आपल्याकडे आधीच तयार आहे, फुगलेला आणि तळलेला. म्हणून कान तिथेच थांबला. लातूरकडच्या मॅडमचा थांबला यात नवल नाही.

मी तिथूनच ओरडले, "मॅडम! पुरी नाही! पुडी! कागदाची पुडी!"

मॅडम फोन कानाला धरूनच बाहेर आल्या. "कसली पुडी?"

द्वारकाबाई म्हणाली, "तीच त सांगतंय मगासपासना. गुरघ्याची. जरीबुटीची. एक मानूस घरी आनून देतो."

"किती वर्षं?"

"बरीच झाली. पाटाव बसून गुरघे धरले तवापासना. घेतली आन दुसऱ्या दिशी मी चालाला लागले."

"मी औषध विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"ती कुटं औषद हाय? झाराचा पाला हाय तो."

नीलेश दारात उभा राहून ऐकत होता. "आई, तू मला बोललेलीस बंद केलं!"

"तू कटकट करतंस म्हनून बोलले."

मॅडमनी पुढचं काही विचारलं नाही. फोनवर एकच वाक्य बोलल्या, "पेशंट बहुतेक कित्येक वर्षं स्टिरॉइडवर आहे आणि ते अचानक थांबलंय, मी पाठवतेय." मग नीलेशला म्हणाल्या, "घरातली उरलेली पुडी घेऊन मागोमाग कोणाला तरी पाठवा."

स्टिरॉइड काय ते मला मॅडमनी नंतर समजावलं, तसंच सांगते. असा एक पदार्थ आपलं शरीर स्वतःच तयार करतं. औषध म्हणूनही तो देतात, आणि डॉक्टरने बघून दिला तर जीव वाचवतो. पण झाडपाला म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत तो न सांगता मिसळलेला असतो. म्हणून तर एका दिवसात गुडघा पळायला लागतो. रोज बाहेरून मिळाला की शरीर आपला कारखाना बंद करतं. चेहरा गोल होतो, वजन वाढतं. आणि जास्त दिवस जास्त घेतला तर खुब्याच्या गोळ्याचं रक्त आटू शकतं. मग एक दिवस कोणी सांगतं पुरी बंद करा, आणि बाई ऐकते. बाहेरचा पुरवठा बंद, आतला कारखाना आधीच बंद. शरीर कोसळतं.

हॉस्पिटलात रक्त तपासलं तेव्हा तसंच निघालं. तेच औषध तिला आधी इंजेक्शनने द्यावं लागलं, मग गोळ्यांनी, मग हळूहळू कमी करत. लोकांना हे सांगायलाच हवं. अशी पुडी कोणी घेत असेल तर घाबरून एका झटक्यात सोडू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चहाचा कप बाजूला सारला. म्हणाल्या, "मावशी, बंद करा मीच सांगितलं."

मी म्हटलं, "आणि जिभेवर ताबा ठेव मी सांगितलं. दोघींनी पुरीच ऐकली. आता चहा घ्या, पुढचा पेशंट थांबलाय."

त्याच दुपारी हाडाच्या डॉक्टरांचा फोन आला. कारण सापडलं हे त्यांना कळलं होतं. त्यांनी विचारलं, "पकडलं कोणी?" मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला, मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "आमच्या मावशींनी." तिकडून ते म्हणाले, "मावशी, शाब्बास." मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या बाईला दोनदा सांगितलं.

द्वारकाबाईच्या उजव्या खुब्याचं छोटं ऑपरेशन झालं. हाडात बारीक भोक पाडून आतला दाब कमी करतात, म्हणजे रक्ताला वाट मिळते. गोळा अजून चेपलेला नाही. पुढे चेपणारच नाही असं कोणी लिहून देत नाही. डावी बाजू मात्र होती तिथेच थांबली आहे. गुडघे दुखतात, ते व्यायामाने निम्म्यावर आलेत, आणि निम्मं ती सहन करते. पाट सुटला. नीलेशने गच्चीवर कमरेइतका ओटा बांधून दिला, तिथे ती उभ्याने भाकऱ्या थापते. मध्ये खुर्चीवर बसून बायकांवर ओरडते.

मी म्हटलं, "ऑर्डर सोडायची होती ना?"

"कोन बोलला? नीलेश? त्याला भाकरी देऊ नको."

आता क्लिनिकमध्ये नवीन पेशंटने फोन केला की तो मी उचलते आणि सांगते, घरात जे जे तोंडात टाकता ते सगळं पिशवीत भरून आणा. औषध कुठलं, पाला कुठला, हे तुम्ही ठरवू नका. नावंही सांगू नका, नुसतं आणा. लोक आणतात. एका आजोबांनी परवा च्यवनप्राश, मिसरीची डबी, नातवाचं टॉनिक आणि सुनेच्या केसांचं तेल आणलं. तेल कशाला आणलं विचारलं, तर म्हणाले, चव बघितली होती एकदा. मॅडमना हसू आवरेना. मी ते तेलही बघून घेतलं.