मोहाच्या झाडातली काडीपेटी

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू कोर्टात कशाला गेली होतीस?" फोनवर मी अर्धवटच सांगितलं. आता क्रमाने लिहिते.

दरेकशाकडची एक बाई पंधरा वर्षांपासून आपल्या दाराशी चारोळी, चिंच आणि पळसाच्या पत्रावळी विकायला येते. तिची मुलगी सोळा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गावात एकाचा गोठा जळाला. गुरं चरायला गेली होती, म्हणून वाचली. त्या माणसाचं आणि या मायलेकींच्या घराचं तलावाच्या पाण्यावरून भांडण होतं. आई रानात असताना पोलिसांनी मुलीला ठाण्यात नेलं. संध्याकाळी कागदावर तिचं म्हणणं तयार होतं: रागाच्या भरात मी गोठा पेटवला, काडीपेटी लपवल्याची जागा दाखवते. आणि तिने जागा दाखवलीही. त्यांच्या बांधावरच्या मोहाच्या ढोलीतून काडीपेटी निघाली.

बाल न्याय मंडळाने ते म्हणणं ग्राह्य धरून तिला दोन वर्षं विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, ठेवायचा आदेश दिला. त्यावर गोंदियाच्या सत्र न्यायालयात अपील झालं. तोवर ती जामिनावर घरी होती.

तिचा वकील माझा जुना विद्यार्थी. वरच्या कोर्टांचे इंग्रजी निकाल तो माझ्याकडे देऊन गेला. म्हणाला, "मॅडम, हिच्या आईला सोप्या मराठीत समजावून सांगा. मी सांगितलं की ती नुसती मान हलवते."

समजावण्यासाठी आधी मला समजणं भाग होतं. मी नेहमीसारखी वही आखून बसले. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्ट पुरावा म्हणून मानत नाही, हे वाचून मला नवल वाटलं. मग कागद लिहितात कशाला? पुढच्या पानावर उत्तर सापडलं. त्या बोलण्यातून एखादी वस्तू हाती लागली, तर वस्तूबद्दलचा तेवढा भाग चालतो. म्हणजे मुलीची दोन वर्षांची शिक्षा त्या एका काडीपेटीवर उभी होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मायलेकी मुक्कामाला आल्या. चहा देताना मी विचारलं, "अगं, झाडात काडीपेटी लपवायची कशाला?"

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. आई म्हणाली, "बाई, एवढ्या पोरी शिकवल्या तुमी, अन् मोह कसा येचतेत हे मालूम नाई?"

"नाही. सांग."

"फुलं पाहाटे पडतेत," मुलगी म्हणाली. "खाली पाला असला तं दिसत नाई. म्हनून आधी पाला जाळा लागते. काडीपेटी रोज घरून कोन नेईन? ढोलीतच राहते. सगळ्यायच्याच झाडात राहते."

"हे पोलिसांना सांगितलं नाहीस?"

"त्यायनं काडीपेटी कुठं हाय, एवढंच इचारलं. मी दाखवली."

"आणि गोठा पेटवला असं म्हणालीस?"

"तीनदा नाई म्हटलं. मंग त्यायनं लिहून आनलं. सही कर अन् घरी जा, म्हने."

मी तेव्हाच वकिलाला फोन लावला. तो गोंदिया शहरात वाढलेला. "मॅडम, मोह मी फक्त बाटलीतच पाहिला आहे," म्हणाला आणि पंचनामा उघडून बसला. झाडाखाली जळलेल्या पाल्याचं काळं वर्तुळ, शेजारी फुलांची अर्धी भरलेली टोपली, गोठा तलावाच्या पलीकडे. सगळं पोलिसांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. काळ्या वर्तुळाचा अर्थ मात्र कुणी विचारला नव्हता. आम्ही शिकलेल्यांनीही.

दुसऱ्या दिवशी मला आईजवळ बसायची परवानगी मिळाली. सरकारी वकील म्हणाले, काडीपेटी मुलीनेच दाखवली. आपल्या वकिलाने पंचनाम्यातल्या त्या ओळी वाचल्या आणि मोह वेचायची रीत सांगितली. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, "गावातल्या दुसऱ्या मोहांच्या ढोल्या पाहिल्या होत्या का?" ते बराच वेळ पानं उलटत राहिले. आईने माझा हात घट्ट धरला होता.

आठवड्याने निकाल लागला. गोठा पेटवल्याचं वाक्य ही पोलिसांपुढची कबुली, ती बाजूला. उरली काडीपेटी. तिच्यावरून फार तर पाला जळाल्याचं ठरतं, गोठा नव्हे. अपील मंजूर.

गोठा कुणी जाळला, हे मला अजून कळलेलं नाही. कागदांत शोधलं, पण त्या काडीपेटीपलीकडे कुणी तपास केल्याचं दिसत नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना आई रडत होती. मुलीने वकिलाला विचारलं, "साहेब, माही काडीपेटी वापस भेटन का? पंधरा दिवसानं मोह पडन."

"ती मुद्देमालात आहे गं. नवीन घे."

तिने स्टेशनजवळच्या टपरीवर दोन घेतल्या. एक आईच्या पिशवीत टाकली, आणि दुसरी माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "या येचायले, बाई. पन पाहाटे उठा लागन."

मी जाणार आहे.